नेटिव

टोकावडे मागं पडलं की माळशेजचा रस्ता डोंगराला अंग घासत चढू लागतो. चढ लागायच्या आधीच डाव्या हाताला एक मातीची वाट फुटते, नाचणीच्या वरकस जमिनीतून आणि करवंदीच्या जाळ्यांतून रमतगमत वर जाते, आणि उंबरपाड्याच्या पहिल्या अंगणात येऊन थांबते. त्या अंगणामागचं कुडाच्या भिंतींचं घर नामाचं. नामाची लेक योगिनी याच घरात जन्मली, इथंच वाढली आणि एमएपर्यंत शिकून इंग्रजीची बाई झाली.

इंग्रजीचीच का, याला एक कारण होतं आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आश्रमशाळा संपवून ती मुरबाडला पुढं शिकायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून म्हणाली होती, "माजी शाला लांब हाय." सगळा वर्ग हसला. 'शाला' ऐकून हसला, 'हाय' ऐकून हसला. उंबरपाड्यात 'ळ' नव्हताच. नळ नव्हता, नल होता. काळोख नव्हता, कालोख होता. त्यानंतर कितीतरी दिवस ती वर्गात बोललीच नाही. आडोशाला जाऊन शाळा, केळं, काळोख, पावसाळा असं घोकत राहिली. पण इंग्रजीचा तास सुरू झाला की तिला मोकळा श्वास मिळायचा. मराठीत तिला हसणारे होते. इंग्रजीत मात्र सगळेच सारखे ठेचकाळत होते. वाण्याचा मुलगा अडखळायचा, डॉक्टरची मुलगीही अडखळायची. ज्या भाषेत कुणाचंच घर नव्हतं, त्या भाषेत योगिनीनं आपलं बिऱ्हाड मांडलं.

ते बिऱ्हाड तिला शहापूरच्या एका शाळेपर्यंत घेऊन गेलं. तिथं ती तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जूनमध्ये शाळा बोलावणार आणि परीक्षा सरल्या की 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणार. अशी 'बघू बघू' करत तिची तिशी उलटली. पोरं तिच्यावर जीव टाकायची, मुख्याध्यापक चांगलं बोलायचे, पण हजेरीपटाच्या आत तिचं नाव कधी शाईनं उमटलं नाही. यंदा जून आला आणि बोलावणंच आलं नाही. तिच्या जागी कायमचा शिक्षक आला होता. शहापूरची भाड्याची खोली रिकामी करून, एक ट्रंक आणि एक पंखा घेऊन ती उंबरपाड्याला परत आली. आई गोदूनं ट्रंक खाटेखाली सारली. पंखा कुठं लावायचा ते कुणाला सुचेना, म्हणून तो कोपऱ्यात उभा राहिला.

भात कापून झालं, झोडून झालं, आणि दिवाळीनंतर मिताली मॅडमचा फोन आला. मिताली पूर्वी शहापुरात योगिनीबरोबर शिकवायची. मग ती दोन वर्षं वियतनामला जाऊन इंग्रजी शिकवून आली आणि आता आसनगाव स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये, आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, तिकडच्या मुलाखतींची तयारी करून घ्यायची. तिनं एका शाळेची जाहिरात पाठवली. संध्याकाळी ओटीवर बसून योगिनी ती फोनवर मोठ्यानं वाचत होती. नामा शेजारी दोरी वळत होता.

"काय म्हनतात गो ते?"

"इंग्रजी शिकवायला मानसं पायजेत, बाबा. वियतनामला."

"कुठं आला तो?"

"लांब. समुद्रापल्याड. तिकडं पन भातच लावतात."

"मंग बरा देस हाय," नामा म्हणाला. "आनि मानसं कसली पायजेत?"

योगिनी पुढचं वाचत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "नेटिव स्पीकर्स प्रेफर्ड."

नामाचा दोरी वळणारा हात थांबला.

हा शब्द त्याचा होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं मुलुंडच्या एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून काढली होती. तिथं नवा माणूस राहायला आला की पहिल्यांदा विचारायचा, "नामा, नेटिव कुठलं?" नामा छाती पुढं काढून सांगायचा, "उंबरपाडा, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे." लावणीला रजा हवी असली की सेक्रेटरीला म्हणायचा, "सायेब, नेटिवला जाऊन येतो." फाटकावरचे बाकीचे इंग्रजी शब्द वरच्या मजल्यांवरच्या लोकांचे होते. पार्किंग, व्हिजिटर, लिफ्ट, मीटर. नेटिव हा एक त्याचा होता. त्या शब्दात त्याची ओटी होती, उंबराचं झाड होतं, गोदूही होती.

"नेटिव पायजेत?" तो म्हणाला. "मंग आपल्यालाच घेनार. आपल्याएवढं नेटिव कोन हाय? सात पिढ्या हितंच गाडल्यात."

आतून गोदू ओरडली, "गाडल्यात काय म्हनताव? जालल्यात!"

योगिनी खळखळून हसली. त्या घरात ती जूननंतर पहिल्यांदा अशी हसली होती. 'तसं नाय बाबा, नेटिव म्हनजे वेगलं,' असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण बापाच्या तोंडावर जे फुललं होतं, त्याला हात लावायचं तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

उद्यापर्यंत सगळ्या वाडीला कळलं होतं. शेजारचा जयराम, नामाचा लहानपणापासूनचा जोडीदार आणि टोमणे मारण्यात पटाईत, सकाळीच अंगणात येऊन उभा राहिला.

"नामा, नेटिव पायजेत म्हंतात ना तिकडं? मंग तुलाच नेतील. पोरगी ऱ्हाईल हितं वाल राखीत."

"मला नेला तरी जाईन," नामा म्हणाला. "तुला नाय नेनार. तुजा आजा खर्डीकडून आलेला."

"अरं, पन भात तर हितलाच खाल्ला ना तेनं!"

दोघंही हसले. योगिनी दाराआडून ऐकत होती. आता सांगायला गेलं तर एकट्या बापाला सांगून भागणार नव्हतं, जयरामकाकालाही सांगावं लागणार होतं. ती आत वळली.

दर रविवारी ती आसनगावला जाऊ लागली. उंबरपाड्याहून खाली चालत, मग एसटीनं सरळगाव, तिथून किन्हवलीमार्गे शहापूर आणि पुढं रिक्षा. मितालीच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरा पडदा लावलेला असे आणि त्याच्यासमोर खुर्ची. मिताली स्वभावानं वाईट नव्हती. चटचट बोलायची, चटचट चुका काढायची आणि मधेच स्वतःच्या हातानं चहा करून द्यायची.

"हसायचं. अगं, इतकं नाही, दात दुखतायत असं वाटतं. 'व्हेरी'मधला व्ही ओठ चावून. 'वेरी' नाही. आणि शेवटी सूर खाली आण, तू प्रत्येक वाक्य गाण्यासारखं वर नेतेस."

"आमच्याकडं तसंच बोलतात."

"तेच काढायचंय ना. तुझं इंग्रजी छान आहे, योगिनी, व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं. पण तोंड उघडलंस की मुरबाड ऐकू येतं."

योगिनीनं पुन्हा ओठ चावून 'व्हेरी' म्हटलं. मुरबाडला तिच्या तोंडून उंबरपाडा ऐकू यायचा, तो तिनं घासूनपुसून काढला होता. आता आसनगावात मुरबाड काढायचं होतं.

मग एका रविवारी मितालीनं तो प्रश्न काढला. "हे हमखास विचारतात. घरी कोणती भाषा बोलता? काय सांगशील?"

"खरं ते सांगीन. मराठी. म्हणजे आमची घरची बोली."

"गेलीस मग." मितालीनं चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ, नेटिव तू नाहीस, मीही नव्हते. पण त्यांना पालकांना दाखवायचं असतं. घरी इंग्रजी बोलतो, एवढं म्हटलं की ते पुढं विचारत नाहीत. मी नाही का सांगितलं? माझी आई डोंबिवलीला भाजी निवडत बसलेली आणि मी सांगतेय, वी स्पीक इंग्लिश ॲट होम. कुणाचं काय गेलं?"

"आणि उद्या विचारलं तर?"

"कोण येतंय तुझ्या घरी बघायला? म्हण एकदा."

योगिनीनं म्हटलं. व्ही नव्हता त्या वाक्यात, डब्ल्यू होता. तो बरोबर आला. सूर शेवटी खाली आला. मिताली म्हणाली, "बघ, किती सहज म्हणालीस."

तेच तिला परतीच्या एसटीत खुपत राहिलं.

मुलाखत घरूनच द्यावी लागणार होती. त्या देशात दिवस आपल्या आधी उजाडतो. त्यांच्या शाळेची वेळ म्हणजे खालच्या रस्त्याला पहिली एसटी यायच्याही आधीची, तेव्हा आसनगाव गाठणं शक्यच नव्हतं. मागं पांढरी भिंत पाहिजे, असं मितालीनं बजावलं होतं. योगिनीनं ते गोदूला सांगितलं, आणि गोदूनं दुसऱ्याच दिवशी चुना कालवून शेणमातीच्या कुडाचा एक तुकडा पांढरा केला. फोनमध्ये दिसेल तेवढाच, खिडकीएवढा. तिनं स्वतः फोन धरून पाहिला आणि म्हणाली, "हितून बघितलं तर सगलं घर चुन्याचंच वाटतं, नाय?" फोन उभा राहीना, तर तिनं पायलीत तांदूळ भरून त्यात तो खोचून दिला.

पडवीत उभी राहून योगिनी नमुन्याचा तास घेऊ लागली. पोरं समोर आहेत असं धरून हातवारे करायचे, उड्या मारायच्या, 'व्हेरी गुड' म्हणत टाळ्या वाजवायच्या. गोदू सूप पाखडताना ऐकत राहायची. चार दिवसांनी ती खुराड्यातली अंडी काढताना कोंबडीला म्हणाली, "व्हेरी गुड गो बाय."

त्यातलं एक वाक्य मात्र योगिनी दबक्या आवाजात घोकायची. पण कुडाच्या भिंतीला दबका आवाज कळत नाही, तो पलीकडं जातोच.

"ते होम होम काय बोलतेस गो परत परत?" गोदूनं विचारलं.

"आपल्या घराबद्दल हाय."

"काय हाय?"

योगिनी फोन पुसू लागली. "सगली बरी हायेत घरात, असं हाय."

"हां. ते सांगावं," गोदू म्हणाली आणि सूप पाखडू लागली. योगिनीला वाटलं, त्या वाक्याचं पहिलं खोटं आईपाशीच सांगून झालं. साहेबापाशी सांगायचं ते दुसरं.

मुलाखतीच्या दिवशी नामा कोंबड्याच्या आधी उठला. अंघोळ करून लग्नातला पांढरा शर्ट घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. योगिनीनं वळून पाहिलं.

"बाबा, तुमी कुठं चाललाव?"

"कुठं नाय. कुडापलीकडं बसनार. बोलनार नाय एक सबद. पन घरात सायेब येनार, आनि आपन फाटक्या बनियनवर बसायचं?"

"सायेब येत नाय, बाबा. फोनवर हाय."

"फोनवर काय, आन दारात काय. सायेब तो सायेब."

पांढऱ्या तुकड्यासमोर योगिनी बसली. पायलीतल्या फोनमध्ये एक दाढीवाला गोरा माणूस उजळला. तो दिलखुलास होता. तिच्या उत्तरांना मान डोलावत होता. तिनं आंब्याचा धडा करून दाखवला तेव्हा तो स्वतः लहान मुलासारखा मोठ्यानं 'मँगो' म्हणाला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्यानं विचारलं, घरी कोणती भाषा बोलता?

"इंग्लिश, सर. वी स्पीक इंग्लिश ॲट होम."

सूर शेवटी खाली आला. अगदी बरोबर आला.

"ओह, लव्हली," साहेब म्हणाला, आणि सहज, काहीतरी टिपून घेता घेता त्यानं पुढचं विचारलं. "सो, वुड यू कॉल युवरसेल्फ अ नेटिव स्पीकर?"

कुडापलीकडं नामाचा आख्खा जन्म त्या एका शब्दाची वाट बघत बसला होता. जणू पुन्हा मुलुंडच्या फाटकावर गाडी थांबली, काच खाली झाली, आणि आतून कुणीतरी विचारलं. तो उठला. दारातून आत आला, लेकीच्या खांद्यामागं, पांढऱ्या तुकड्याच्या बरोबर मधोमध उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला,

"नमस्कार सायेब. नेटिव उंबरपाडा, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे."

योगिनीला फोनमध्ये आपल्या खांद्यावर बापाची टोपी दिसली. साहेब हसला, मोकळेपणानं हसला. त्यानं हात हलवला.

"हॅलो देअर! अँड हू इज धिस?"

सांगायला एकच शब्द होता. तो तिला कळायला लागल्यापासून येत होता, इंग्रजीतला तर तिनं शेकडो पोरांना शिकवला होता. पण आत्ताच ती म्हणाली होती की घरात आम्ही इंग्रजी बोलतो. हा माणूस या घरातला निघाला असता तर ते वाक्य जागच्या जागी मोडलं असतं. तिची जीभ एका क्षणात आडवाटेनं गेली.

"ही इज अ नेटिव, सर. फ्रॉम द व्हिलेज."

"अच्छा," अशा अर्थाचं काहीतरी साहेब बोलला. नामानं आपला शब्द ऐकला, मान लवून "येस सर" म्हणाला आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर गेला. पुढं काय विचारलं, तिनं काय सांगितलं, ते तिला नंतर आठवेना.

चार दिवसांनी मितालीचा फोन आला. पहिल्या फेरीत ती पास झाली होती. आता शाळेच्या मोठ्या बाईंशी बोलणं व्हायचं होतं. गोदूनं गूळ वाटला. नामा गूळ वाटत नव्हता, तो गोष्ट वाटत होता. गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, टोकावड्याच्या बाजारात, वाडीतल्या कोंडूच्या पोराच्या साखरपुड्यात. गोष्ट एकच होती.

"सायेबानं इचारलं, हा कोन? कसा इचारला, असा हात करून. मंग माजी पोरगी काय बोलली? ही इज नेटिव! सायेबानं मान हलवली. झालं, पास. नेटिवच पायजेत त्यांना."

"येवड्यावर पास?" जयराम म्हणायचा. "मंग पोरगी येम्ये कशाला झाली? तूच का नाय गेलास?"

"तू जल," नामा म्हणायचा आणि परत पहिल्यापासून सांगायचा.

योगिनी ते अंगणातून ऐकायची, मोरीतून ऐकायची, पाणी भरून येताना वाटेवर ऐकायची. 'ही इज नेटिव' हे तिचं वाक्य आता साऱ्या उंबरपाड्याला पाठ झालं होतं. पोरं ते ओरडत गुरांमागं धावायची. कुणीच तिला काही बोलत नव्हतं, म्हणून तिला जास्त बोचत होतं. आपण बापाला लाथाडलं आणि बाप तेच पदक म्हणून छातीवर लावून हिंडतोय, असं तिला वाटायचं.

"पास झालीस तरी तोंड पाडून का बसतेस गो?" गोदूनं विचारलं. "जायचं भ्या वाटतं?"

"नाय."

"मंग?"

"काय नाय, आये."

गोदूनं गुळाचा एक खडा तिच्या हातावर ठेवला.

मोठ्या बाईंशी बोलणं ठरलं त्या सकाळी नामा परत शर्ट घालू लागला, तेव्हा योगिनी म्हणाली, "आज नको, बाबा." तो थबकला. "बरं. आज बाई हाय, नाय का," असं म्हणून तो खुरपं घेऊन वालाच्या शेतात गेला.

फोनमधल्या बाई केस पिकलेल्या, शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी साहेबाचं टिपण वाचलेलं दिसत होतं. तुमच्या घरी इंग्रजी बोलतात हे वाचून बरं वाटलं, असं त्यांनी बोलायला सुरुवात केली. मितालीनं शिकवलेलं पुढचं वाक्य योगिनीच्या तोंडात तयार होतं. ते तिनं गिळलं.

"नो, मॅम," ती म्हणाली. मग तिनं सावकाश, सूर वर जात होता तो जाऊ देत, सगळं सांगितलं. घरात कुणाला इंग्रजी येत नाही. मी ते शाळेत शिकले, पुस्तकातून. मागच्या वेळी एक टोपीवाला माणूस आत आला होता, तो माझा बाप.

बाईंनी समोरचं टिपण बाजूला ठेवलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, की तसं का सांगितलंत?

"बिकॉज आय वाँटेड टू कम, मॅम," योगिनी म्हणाली. यापेक्षा चांगलं कारण तिच्याकडं नव्हतं.

निकाल मितालीनंच कळवला, आणि फोनवर तिचा आवाज चढलेला होता. "काय गरज होती गं? बाप होता तर होता, त्यांना काय करायचंय? ती वर्गशिक्षिकेची जागा तुझीच होती. आता मदतनीस म्हणून घेतायत, तेही तिकडच्या कुठल्यातरी आडगावात. वर्ग दुसरी कुणी नेटिव बाई घेणार आणि तू तिच्या पोरांच्या रांगा लावणार. त्या बाई भल्या म्हणून तेवढं तरी. जाणारेस का?"

"जाते," योगिनी म्हणाली.

नामा वालाच्या शेतात होता. भाताची खुंटं अजून जमिनीत होती आणि त्यांच्यामधून वाल वर आले होते. ती बांधावरून खाली उतरली.

"बाबा, घेतलं मला."

तो उभा राहिला. हात पाठीवर ठेवून कंबर सरळ केली. "नेटिवची जागा?"

"नाय. मदतनीसाची. वर्ग दुसरी बाई घेनार, मी तिच्या हाताखाली."

"का पन? आपन तर—"

"त्यांच्यात नेटिव म्हनजे गाव नाय, बाबा." इतके दिवस उद्यावर टाकलेलं तिनं आता सांगून टाकलं. "त्यांच्यात नेटिव म्हनजे जलमापासून घरात इंग्रजी बोलनारा. ज्याच्या आईची भाषाच इंग्रजी, तो. ते आपन नाय."

नामा खाली बसला. वालाच्या बुडातलं गवत त्यानं खुरप्यानं काढलं, माती झटकली, बाजूला टाकलं. दुसऱ्या बुडाला हात घातला.

"मंग आपल्यासारक्याला त्यांच्यात कोनी नेटिव म्हनलं, तर ते काय झालं?"

आता काहीही सांगता आलं असतं. शब्द तिच्या हातात होते, त्याच्या नव्हते.

"हितलाच कोनी," ती म्हणाली. "गावचा मानूस. असाच."

"असाच?"

"असाच कोनी."

खुरपं थांबलं. तो जमिनीकडं बघत होता आणि ओठ हलत होते, जणू गोष्ट पहिल्यापासून मनात सांगून बघत होता. साहेबानं हात केला. साहेबानं विचारलं. पोरगी बोलली. तिथं त्याचे ओठ थांबले.

"मी तुमाला बाप नाय म्हनलं, बाबा," योगिनी म्हणाली.

डोंगरावरून एक घार वालाच्या शेतावर आली आणि सावली टाकून गेली. नामानं परत खुरपं चालवलं.

"वाल बरे आलेत औंदा," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "जा तू घरी. ऊन झालंय."

ती गेली नाही. बांधावर बसून राहिली. त्यानं पुन्हा जा म्हटलं नाही, मान वर करून बघितलंही नाही. ओळ संपली की तो दुसरी ओळ धरायचा आणि तिच्याकडं पाठ व्हायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयराम ओटीवर आला. त्याच्याबरोबर किन्हवलीकडचा त्याचा व्याही होता. पोरगी परदेशी चालली हे ऐकून मुद्दाम बघायला आलेला.

"सांग रे नामा, ह्येंना सांग," जयराम बसताबसताच म्हणाला. "ते सायेबाचं. आमचा नामा नुस्ता हुबा ऱ्हायला आनि पोरगी पास!"

"काय सांगायचंय त्यात," नामा म्हणाला.

"आता का लाजतोस? आख्ख्या बाजाराला सांगितलास ना?"

योगिनी आत चुलीपाशी चहा गाळत होती. व्याही खाकरला. मग नामाचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा, पण ठाम.

"सायेब फोनवर हुता. मी गेलो, नमस्कार केला. सायेबानं इचारलं, हा कोन?"

"हां!" जयराम व्याह्याला म्हणाला. "आता बघा काय बोलली पोरगी."

"पोरगी बोलली, माय फादर."

"आँ?" जयराम म्हणाला. "अरं, ते तर येगलंच हुतं. ही इज नेटिव, असं बोलली ना ती? पोरं वराडतात ना सगली."

"मी हुतो का तिथं का तू हुतास?"

"तूच सांगितलंस म्हनून—"

"चुकीचं सांगितलं मी. मला काय इंग्रजी कलतं?" नामा म्हणाला. "माय फादर बोलली. माजा बाप हाय, म्हनली."

योगिनीनं कप ताटलीत मांडले आणि ताटली उचलली. दारापर्यंत जाऊन ती मागं वळली. गोदू मोरीतून आली, लेकीच्या तोंडाकडं बघितलं, पदराला हात पुसले आणि ताटली तिच्या हातातून काढून घेऊन स्वतः बाहेर गेली.

"मंग?" व्याही चहा घेत विचारत होता. "सायेब काय बोलला?"

"काय बोलनार?" नामा म्हणाला. "उलटून नमस्कार केला मला."